विरळ आणि अपूर्व : सर्जनशीलतेच्या मापनाविषयी

मराठी समीक्षेत 'प्रतिभा' हा शब्द हळूहळू मागे पडत गेला आणि त्याच्या जागी 'सर्जनशीलता' हा शब्द रूढ झाला. हा बदल केवळ परिभाषेचा आहे असे सामान्यतः समजले जाते. प्रतिभा म्हटले की दैवी देणगी, पूर्वजन्मीचे संस्कार, सरस्वतीचा प्रसाद अशा कल्पना सोबत येतात. सर्जनशीलता हा शब्द त्या मानाने निर्लेप, ऐहिक आणि शास्त्रीय वाटतो. परंतु निर्लेप वाटणाऱ्या शब्दालाही इतिहास असतो. या शब्दाला आज जो अर्थ चिकटलेला आहे तो पुष्कळ अंशी विसाव्या शतकातील अमेरिकी मानसमापनाने दिलेला आहे, आणि बुद्धिमापनाशी झालेल्या एका दीर्घ वादातून तो घडला आहे. त्या वादात साहित्यसमीक्षेला पक्षकार म्हणून कोणी बोलावले नव्हते. तरीही सर्जनशीलतेच्या चाचण्यांमधील गुणदानाच्या पद्धती बारकाईने पाहिल्या तर ठिकठिकाणी साहित्यिक मूल्यनिर्णय केलेले आढळतात. ते मूल्यनिर्णय आहेत हे मात्र सांगितलेले नसते. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या न सांगितलेल्या निर्णयांचा.

बुद्धिगुणांक हेच प्रतिभेचे माप मानण्याचा आत्मविश्वास एकेकाळी कोठवर गेला होता, हे कॅथरिन कॉक्स यांच्या १९२६ सालच्या ग्रंथावरून दिसते. लुईस टर्मन यांच्या प्रज्ञावंतांविषयीच्या अभ्यासमालेतील हा दुसरा खंड. १४५० ते १८५० या काळातील ३०१ थोर व्यक्तींची चरित्रे वाचायची, कोणत्या वयात त्यांनी काय केले याच्या नोंदी काढायच्या आणि त्यावरून प्रत्येकाचा बुद्धिगुणांक अनुमानाने ठरवायचा, असा हा उपक्रम होता. गटे अग्रस्थानी आला. जॉन स्टुअर्ट मिलला बालपणाच्या पुराव्यावर १९० हा अंक मिळाला. सर्व्हँटिस आणि कोपर्निकस १०५ वर राहिले. शेक्सपिअरला तर यादीतच घेता आले नाही, कारण त्याच्या बालपणाची पुरेशी कागदपत्रे उपलब्ध नाहीत. पुरावा अपुरा असला की अंक सरासरीकडे ओढला जातो हे कॉक्स यांच्या ध्यानात आले होते, आणि त्यांनी अंकांत तशी दुरुस्तीही केली. तेवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण मूळ गोम दुरुस्तीने जात नाही. येथे मोजली जात होती ती माणसाविषयीची लिखित सामग्री. मिलच्या बालपणीच्या अभ्यासाचा तपशीलवार वृत्तान्त शिल्लक राहिला. गावोगाव बिऱ्हाड हलवणाऱ्या एका स्पॅनिश शल्यवैद्याच्या मुलाचा राहिला नाही. तुकारामांच्या बालपणासाठी महिपतीचे चरित्र हाती घ्यावे लागले असते तर कॉक्स यांनी कोणता अंक काढला असता, हा प्रश्न केवळ विनोदाचा नाही.

टर्मन यांच्या मुख्य अभ्यासाचे पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. १९२१ पासून कॅलिफोर्नियात उच्च बुद्धिगुणांकाची सुमारे १५०० मुले निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्यात आला. ती बहुतेक यशस्वी झाली, पण त्यांतल्या एकालाही नोबेल पारितोषिक मिळाले नाही. उलट लहानपणी ज्यांची चाचणी घेतली गेली आणि अंक कमी पडल्यामुळे ज्यांना वगळण्यात आले, त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, पहिल्याला १९५६ साली, दुसऱ्याला १९६८ साली.

जे. पी. गिल्फर्ड यांचे १९५० सालचे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्षीय भाषण या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. 'सायकॉलॉजिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स' या सूचीत तोवर नोंदल्या गेलेल्या सुमारे १,२१,००० शीर्षकांपैकी सर्जनशीलतेशी निश्चित संबंध असलेली शीर्षके अवघी १८६ निघतात, असा हिशेब त्यांनी मांडला. बुद्धिकसोटीत प्रत्येक प्रश्नाचे एकच उत्तर बरोबर असते. ते शोधणारा विचार अभिसारी, एका बिंदूकडे जाणारा. एका प्रश्नातून अनेक दिशांनी जाणाऱ्या विचाराला, म्हणजे अपसारी विचाराला, या कसोटीत स्थानच नाही, हा गिल्फर्ड यांचा मुख्य आक्षेप. त्यांनी पुढे बुद्धीच्या संरचनेचे जे प्रतिमान मांडले त्यात चार प्रकारचे आशय, पाच प्रक्रिया आणि सहा प्रकारची फलिते यांच्या गुणाकाराने १२० स्वतंत्र क्षमता कल्पिल्या होत्या. अपसारी निर्मिती ही पाच प्रक्रियांपैकी एक. तिच्या शेजारीच मूल्यमापन ही दुसरी प्रक्रिया होती, म्हणजे सुचलेल्यातून निवडण्याची, पारखण्याची, टाकून देण्याची क्षमता. हे शेजारपण लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढच्या चाचणीकारांनी नेमके तेच सोडून दिले. अपसारी विचार म्हणजेच सर्जनशीलता असे समीकरण रूढ झाले आणि पारख करणारी बुद्धी बुद्धिकसोटीच्या खात्यात राहिली. वाटणी अशी करून झाल्यावर दोन्ही खात्यांचा परस्परसंबंध किती, असे विचारण्यात आले.

जेकब गेट्झेल्स आणि फिलिप जॅक्सन यांचा १९६२ सालचा 'क्रिएटिव्हिटी अँड इंटेलिजन्स' हा ग्रंथ या प्रश्नाला वाहिलेला आहे. साहित्याच्या अभ्यासकाने तो मुळातून वाचावा. त्यांनी शिकागोतील एका खाजगी शाळेतील दोन गट वेगळे काढले : बुद्धिगुणांक फार वरचा पण सर्जनशीलतेच्या कसोट्यांत तितके वर नसलेले, आणि त्याच्या उलट. पहिल्या गटाचा सरासरी बुद्धिगुणांक १५०, दुसऱ्याचा १२७. तरीही शालेय यश दोघांचे सारखेच, आणि शिक्षकांना आवडणारी मुले पहिल्या गटातली. या निष्कर्षामुळे ग्रंथ गाजला. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते दोन गटांतील मुलांनी एकाच चित्रावरून सांगितलेल्या गोष्टींचे प्रकरण. विमानात मागे रेलून बसलेला एक माणूस, असे चित्र आहे. उच्च बुद्धिगुणांकाचा मुलगा सांगतो की हे गृहस्थ कामाचा दौरा यशस्वी करून परत निघाले आहेत, घरच्यांच्या आठवणीने सुखावले आहेत आणि विमानतळावर बायकामुले त्यांना घ्यायला येणार आहेत. 'सर्जनशील' ठरलेला मुलगा सांगतो की हा माणूस घटस्फोट मिळवून परत चालला आहे. बायको चेहऱ्याला इतके क्रीम थापायची की तिचे डोके उशीवरून घसरून ह्याच्या डोक्यावर आदळायचे. आता तो न घसरणारे क्रीम कसे बनवावे याचा विचार करतो आहे.

दुसरी गोष्ट अधिक चटकदार आहे यात शंका नाही. पण ती 'अधिक सर्जनशील' कशी? ग्रंथकार तिच्यातील विनोद, अनपेक्षित शेवट, हिंसेची सूचना आणि खेळकर वृत्ती यांकडे बोट दाखवतात. एवढे म्हणताच मानसशास्त्र संपून समीक्षा सुरू झालेली असते, आणि ती समीक्षा एका विशिष्ट अभिरुचीची आहे. क्रीम लावणारी बायको आणि वैतागलेला नवरा ही त्या काळच्या अमेरिकी व्यंगचित्रांची व रेडिओवरील विनोदी कार्यक्रमांची ठरीव जोडी. मुलाने एक साचा टाळून दुसरा साचा उचलला. पहिल्या मुलाची गोष्ट घटनाशून्य आहे हे खरे. तथापि तिच्यात परतीच्या प्रवासातल्या माणसाची, घर अजून तासभर दूर आहे अशी एक मनोऽवस्था आहे, आणि एखाद्या संयत कथाकाराने तेवढ्यावरच कथा उभी केली असती. दोन्ही गोष्टी शाळकरी मुलांच्या आहेत, त्यांच्यावर यापेक्षा अधिक भार टाकू नये. मुद्दा इतकाच की पहिलीपेक्षा दुसरी वरची ठरविणारा निकष चाचणीच्या बाहेरून, वाङ्मयीन संकेतांतून आलेला आहे.

लिअम हडसन यांचे काम या दृष्टीने अधिक जागरूक आहे. इंग्लंडमधील शाळकरी मुलांचा अभ्यास करून त्यांनी १९६६ साली अभिसारी मुले विज्ञानाकडे आणि अपसारी मुले कलाशाखांकडे वळतात असे दाखविले. पण लगेच १९६८ सालच्या पुस्तकात त्यांनी स्वतःच्याच वर्गीकरणाला सुरुंग लावणारा प्रयोग नोंदविला. मुलांना सांगण्यात आले की आता तुम्ही एक काटेकोर अभियंता आहात असे समजून उत्तरे द्या, आणि नंतर एक बेबंद कलावंत आहात असे समजून द्या. वीट, पिंप, कागदाची टाचणी यांचे उपयोग सुचविण्यात अडखळणारी मुले कलावंताची भूमिका घेताच भराभर उत्तरे देऊ लागली. तेव्हा चाचणीत उतरते ती क्षमता किती आणि 'कलावंत असा असतो' या सामाजिक कल्पनेचे अनुकरण किती, हा प्रश्न उरतोच.

आता आकड्यांकडे वळू. मायकेल वॉलॅक आणि नेथन कोगन यांनी १९६५ साली १५१ मुलांवर केलेला अभ्यास पद्धतीच्या दृष्टीने आदर्श मानला जातो. परीक्षेचे वातावरण नाही, वेळेचे बंधन नाही, खेळ चालला आहे असे वाटावे अशी व्यवस्था. सर्जनशीलतेच्या मापांचा आपापसांतला सरासरी सहसंबंध ०.४ च्या आसपास, बुद्धीच्या मापांचा ०.५ च्या आसपास आणि या दोन संचांमधला ०.१ च्या आसपास निघाला. दोन गोष्टी वेगळ्या आहेत याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता, असे त्यावेळी वाटले. दुसरीकडे, बुद्धिगुणांक १२० पर्यंत दोहोंचा संबंध असतो, त्यापुढे तो सुटतो, असा 'उंबरठ्याचा सिद्धान्त' पाठ्यपुस्तकांत स्थिरावला. क्यूंग ही किम यांनी २००५ साली २१ अभ्यासांतील ४५,८८० व्यक्तींची आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा सरासरी सहसंबंध ०.१७४ भरला आणि उंबरठ्याला फारसा आधार मिळाला नाही. २०१३ साली ऑस्ट्रियातील संशोधकांना उंबरठा पुन्हा सापडला, पण त्याची जागा सर्जनशीलता कशी मोजली यावर हलत होती : केवळ कल्पनांची संख्या मोजली तर तो खाली, कल्पनांच्या मौलिकतेचा कडक निकष लावला तर १२० जवळ. माप बदलले की उंबरठा सरकत असेल, तर तो घराचा आहे की मोजपट्टीचा, हे विचारणे क्रमप्राप्त आहे.

म्हणून 'मौलिकता' कशी मोजतात ते पाहू. ई. पॉल टॉरन्स यांच्या १९६६ पासून प्रचारात आलेल्या आणि जगभर वापरल्या गेलेल्या चाचणीत ओघ, लवचीकता, मौलिकता आणि तपशीलभरण असे चार गुण दिले जात. मौलिकतेचा गुण वारंवारतेवरून ठरतो. नमुना-गटातील पुष्कळांनी दिलेले उत्तर शून्य गुणांचे, क्वचित कोणी दिलेले अधिक गुणांचे. येथे 'अपूर्व' या संकल्पनेचे 'विरळ' या संकल्पनेत रूपांतर झाले आहे. विरळपणा ही उत्तराच्या अंगची गोष्ट नाही. ती उत्तर आणि लोकसमूह यांच्यातले प्रमाण आहे. बाकर मेहदी यांनी १९७३ साली हिंदीत तयार केलेली शाब्दिक चाचणी आपल्याकडील शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिच्यात दगडाचे उपयोग विचारले आहेत. महाराष्ट्रातल्या खेड्यातील मूल सहज सांगेल की शेंदूर फासला की देव होतो, तीन मांडले की चूल होते, बांधावर रोवला की हद्द होते. मिनेसोटातील कोष्टकात यांतले पहिले उत्तर विरळ ठरेल, आणि येथे तेच उत्तर सर्वांच्या ओठावरचे म्हणून शून्य गुणांचे. उत्तर एकच, मूलही तेच.

यावर प्रत्येक समाजासाठी वेगळे कोष्टक करावे असा उपाय सुचविला जातो, आणि तो मानसमापनाच्या दृष्टीने योग्यच आहे. बिने-कसोटीच्या बाबतीत व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी तसे रूपांतर केले होते आणि त्यावरील त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने गिल्फर्ड यांच्या प्रतिमानाचा आधार घेऊन मराठीत कसोट्या रचल्या, हाही जाणीवपूर्वक केलेला प्रयत्न आहे. परंतु कोष्टक स्थानिक केल्याने विरळ आणि अपूर्व यांतले अंतर मिटत नाही. ज्ञानेश्वरीतील दृष्टान्त आठवावेत. दिवा, पाणी, आई, वासरू, सूर्य, मोती : एकेक घेतले तर तेराव्या शतकातील कोणत्याही मराठी माणसाने दिलेले उत्तर. वारंवारतेच्या कोष्टकात त्यांना शून्य मिळेल. त्यांची अपूर्वता आहे ती कोणत्या विचाराशी कोणती वस्तू, कोणत्या क्षणी, कशाच्या नंतर आणली यात, म्हणजे संबंधात. संबंध हा सुट्या उत्तरांच्या यादीत दिसत नाही. वारंवारतेच्या मापाची दुसरी बाजू २०२३ साली समोर आली. त्या वर्षी मोंटाना विद्यापीठातील संशोधकांनी टॉरन्स यांचीच चाचणी एका संगणकीय भाषाप्रणालीला दिली, तेव्हा ओघ आणि मौलिकता या दोन्हींत ती वरच्या एक टक्क्यात आली. यंत्र सर्जनशील झाले किंवा चाचणी निरर्थक ठरली, असे दोन्ही टोकांचे निष्कर्ष काढण्याची घाई झाली. मला त्यातून इतकेच दिसते की विरळ जोडण्या पुरविणे हे काम निवडण्याच्या कामापासून अलग काढता येते, आणि चाचणीने ते आधीच अलग काढून ठेवले होते.

गिल्फर्ड यांच्या संचात मात्र एक चाचणी अशी आहे की जी या अडचणीच्या अगदी जवळ येऊन थांबते. लहानसे कथानक देऊन त्याला सुचतील तितकी शीर्षके द्यायला सांगितले जाते. साधी शीर्षके ओघाच्या खात्यात आणि चतुर शीर्षके मौलिकतेच्या खात्यात मोजली जातात. चतुर कोणते हे परीक्षक ठरवतो. येथे कोष्टक नाही, वाचन आहे. त्यातील एक कथानक असे : बोलू न शकणाऱ्या बायकोला शल्यवैद्याकडून वाचा मिळवून दिली जाते, तिच्या अखंड बडबडीने नवऱ्याची शांती जाते, शेवटी तो स्वतःलाच बहिरे करून घेतो. मौलिकता मोजण्यासाठी निवडलेले हे कथानक राब्लेच्या १५४६ सालच्या ग्रंथात एका प्रहसनाचा गोषवारा म्हणून आलेले आहे, आणि आनातोल फ्रान्सने त्यावर नाटकही लिहिले. याची थट्टा करण्याचे कारण नाही. जुन्याच कथानकाला नवे नाव देता येते, इतकेच नव्हे तर साहित्यात बहुधा तसेच घडते. पण मग मौलिकता म्हणजे विरळपणा हे समीकरण स्वतः गिल्फर्ड यांच्या चाचणीतच टिकत नाही.

बुद्धी आणि प्रतिभा यांचे नाते हा प्रश्न संस्कृत साहित्यशास्त्राला नवा नव्हता. त्याचा उल्लेख येथे 'आमच्याकडे हे सारे पूर्वीच होते' अशा अभिमानापोटी करीत नाही. तेथे प्रश्नाची मांडणीच वेगळी आहे आणि तिचा उपयोग होतो, म्हणून करतो. गुरूच्या उपदेशाने मंदबुद्धीलाही शास्त्र शिकता येईल, काव्य मात्र एखाद्या प्रतिभावंतालाच साधते, असे भामहाने म्हटले, तेव्हा त्याने दोहोंत रेघ ओढली. दण्डीने प्रतिभेच्या अभावीही व्युत्पत्ती आणि प्रयत्न यांना वाव ठेवून ती रेघ पुसट केली. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही सांगितली, पण 'हेतू' हा शब्द एकवचनी योजला, आणि हे तीन मिळून एकच हेतू आहेत, तीन वेगळे हेतू नव्हेत, असे वृत्तीत मुद्दाम स्पष्ट केले. घटक-विश्लेषणाच्या पद्धतीपुढे हे एकवचन ठेवून पाहावे. जे एकत्र असतानाच कारण होते त्याचे भाग सुटे करून त्यांचा सहसंबंध काढला, तर तो अल्प निघणे आश्चर्याचे नाही. भागांचे स्वातंत्र्य त्यावरून सिद्ध होत नाही. भट्टतौताची व्याख्या तर प्रतिभेला प्रज्ञेचाच एक प्रकार मानते, सतत नवे उन्मेष दाखविणारी प्रज्ञा, आणि अभिनवगुप्त तिचे कार्य अपूर्व वस्तूची निर्मिती हे सांगतो. प्रज्ञा म्हणजे बुद्धिगुणांक असा अर्थ लावणे अर्थातच हास्यास्पद होईल. पण प्रतिभा ही बुद्धीबाहेरची दुसरी शक्ती नसून बुद्धीचीच एक विशिष्ट गती आहे, ही कल्पना गिल्फर्डोत्तर वाटणीपेक्षा अधिक विचारार्ह आहे.

अलीकडच्या काही संशोधनाने, संस्कृत शास्त्राची ओळख नसतानाही, याच दिशेने पाऊल टाकले आहे. पॉल सिल्व्हिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली गुणदानाची वेगळी रीत मांडली. उत्तरे कितीही द्या, पण त्यांतली तुम्हाला सर्वांत सर्जनशील वाटणारी दोन निवडून खूण करा. परीक्षक तेवढीच पाहून गुण देतील. संख्या बाजूला गेली आणि दर्जा पुढे आला. अशा रीतीने मोजल्यावर बुद्धी आणि सर्जनशीलता यांचा संबंध पूर्वीपेक्षा ठळक दिसू लागला, आणि २०११ सालच्या एका लेखात हे दोन्ही खरोखर इतके वेगळे आहेत का, असा प्रश्न त्यांना शीर्षकातच विचारावा लागला. म्हणजे गिल्फर्ड यांच्या प्रतिमानातले, मधल्या काळात हरवलेले मूल्यमापन परत आणले, तेव्हा वाटणीची भिंत खचली. कवीचे खोडलेले मसुदे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही.

परंतु परीक्षक आले की दुसरा प्रश्न येतो. टेरेसा अमाबिली यांनी १९८२ साली सर्जनशीलतेची व्याख्याच परीक्षकांच्या एकमतावर उभी केली : त्या क्षेत्रातील जाणकार परस्परांशी न बोलता ज्या कृतीला सर्जनशील म्हणतात ती कृती सर्जनशील. यात एक प्रामाणिकपणा आहे. मूल्यनिर्णय कोष्टकात न लपविता तो उघडपणे सहृदयांवर सोपविला आहे. राजशेखराने कारयित्री प्रतिभेबरोबर भावयित्री प्रतिभा मानली, तिच्याशी याचे साम्य दाखविता येईल. भेद मात्र मोठा आहे. राजशेखराची भावयित्री प्रतिभा ही स्वतः एक दुर्मिळ शक्ती आहे, ती कवीचे श्रम सफळ करते. अमाबिली यांच्या पद्धतीत परीक्षकांनी परस्परांशी जुळणे हा गुण आहे. इतरांशी न जुळणारा परीक्षक विश्वसनीयता खाली आणतो. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ साली प्रसिद्ध झाल्या, त्यांच्यावर दुर्बोधतेचे आणि अश्लीलतेचे आरोप झाले, खटलाही झाला. त्या वर्षी मराठीतील जाणकारांचे मंडळ नेमून त्यांना परस्परांशी न बोलता गुण द्यायला सांगितले असते, तर त्यांचे एकमत बहुधा उत्तम जुळले असते, आणि वेगळा आकडा लिहिणारा एखादा परीक्षक आकडेवारीच्या दृष्टीने दोष ठरला असता.

शिक्षणशास्त्र विभागांतून अशा चाचण्या मराठी मुलांना दिल्या गेल्या आहेत आणि त्यांच्या उत्तरपत्रिकांवर गुण चढले आहेत. त्या उत्तरपत्रिका जेथे जपून ठेवलेल्या असतील तेथे साहित्याच्या अभ्यासकांनी त्या गुण झाकून वाचाव्यात : मुलाने दगडाला देव म्हटल्यानंतर पुढचे उत्तर कोणते लिहिले, कोणते लिहून खोडले, आणि खोडलेले उत्तर कोणत्या खात्यात मोजले गेले.